शेजाऱ्याचा हक्क

मराठीत 'शेजारधर्म' असा एक फार चांगला शब्द आहे. आमच्या उर्दू शाळांतून हीच गोष्ट शिकविताना 'हमसाये का हक' असे म्हटले जाते. दोन्ही शब्दांचा आशय एकच वाटतो, तथापि त्यांत एक बारीक फरक आहे. धर्म म्हटले की देणारा समोर येतो. त्याने आपले कर्तव्य केले की नाही, एवढेच पाहिले जाते. हक्क म्हटले की घेणारा समोर येतो. त्याचे त्याला मिळाले की नाही, हे विचारावे लागते. २०२० सालच्या टाळेबंदीत नागपुरात किराणा पोहोचविण्याच्या निमित्ताने हा फरक आम्हांला खऱ्या अर्थाने कळला. तोवर आम्ही तो फक्त फळ्यावर लिहीत होतो.

दोन जुन्या गोष्टींपासून सुरुवात करू. पहिली महाराष्ट्रातल्या सर्वांना ठाऊक आहे. पंधराव्या शतकात मोठा दुष्काळ पडला. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बहमनी राज्याचे अधिकारी. त्यांनी सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली, अशी परंपरा सांगते. पुढे विठू महाराच्या रूपाने देवाने बिदरला जाऊन धान्याचे मोल भरले, ही भक्तांची श्रद्धा. दुसरी गोष्ट मुसलमान घरांतून आणि उर्दू शाळांतून मुलांना सांगितली जाते. हजरत उमर खलिफा असताना रात्री वेश पालटून फिरत. मदिनेबाहेर एक स्त्री चुलीवर नुसत्या पाण्याचे भांडे ठेवून रडत्या मुलांची समजूत काढताना त्यांना दिसली. ते परत गेले, पिठाचे पोते काढले आणि सेवक पुढे आला असता त्याला नकार देऊन ते स्वतःच्या पाठीवर वाहून नेले.

या दोन गोष्टींत दोन निरनिराळी कामे आहेत. एक कोठार उघडण्याचे. दुसरे पोते दारापर्यंत नेण्याचे. कोठार उघडणे हे राज्याचे काम आहे आणि त्याची नोंद इतिहासात होते. पोते दारापर्यंत नेण्याचे काम ज्याला ते दार माहीत आहे तोच करू शकतो, आणि त्याची नोंद बहुधा कोठेच होत नाही. दुष्काळ आणि साथी यांचा आपल्या भागातील इतिहास पाहिला तर कोठार उघडल्यावरही माणसे उपाशी राहिलेली दिसतात. ती का राहिली, हाच या लेखाचा विषय आहे.

रांगेत न येणारी माणसे

१८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांचे नाव फार गाजले. नागपूरला हे नाव नवीन नव्हते. १८६० च्या दशकात ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून येथेच होते. १८७७ साली दुष्काळी कामांवरील मजुराची रोजी त्यांनी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी! मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम सुरू केला. सावित्रीबाईंनी ओतूरहून २० एप्रिल १८७७ रोजी लिहिलेल्या पत्रात सत्यशोधकांच्या दुष्काळी कामाची हकीकत आहे.

त्यानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. या संहितांचे मुख्य सूत्र असे की, ज्याला काम करता येते त्याने दुष्काळी कामावर यावे आणि मजुरी घ्यावी. परंतु म्हातारे, आंधळे, अपंग आणि घराबाहेर न पडणाऱ्या पडदानशीन स्त्रिया यांचे काय? त्यांना गावात, घरी मोफत मदत द्यावी, अशी तरतूद त्यात करण्यात आली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही एवढे कळले होते की काही माणसे रांगेत येऊ शकत नाहीत.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत मध्य प्रांत फार होरपळला. त्या वेळी सरकारी मदतीच्या जोडीला धर्मादाय निधी उभारला गेला. या निधीची चार उद्दिष्टे ठरलेली होती. त्यांतील तिसरे उद्दिष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जे गरीब आहेत परंतु प्रतिष्ठित म्हणून ओळखले जातात, आणि सरकारी मदत मागण्यापेक्षा हाल सोसणे पसंत करतात, अशांना मदत पोहोचविणे हे ते उद्दिष्ट. उर्दूत अशा माणसांना 'सफेदपोश' म्हणतात. अंगावरचे कपडे पांढरे, म्हणून चुलीकडे कोणी पाहत नाही. मराठीत यांना 'अब्रूदार गरीब' म्हणता येईल.

उद्दिष्ट चांगले होते. पण ते साध्य करायचे कोणी? अधिकाऱ्याला हे घर दिसत नाही. यादी पाटील किंवा पटवारी करणार, आणि त्यांच्यासमोर ही माणसे तोंड उघडणार नाहीत. हा प्रश्न तेव्हाही शेजाऱ्यापाशीच येऊन थांबत होता.

साथीची भूक

दुष्काळात धान्यच नसते किंवा ते विकत घेण्याची ऐपत नसते. साथीची भूक वेगळी असते. धान्य बाजारात असते, कधी कधी पैसाही असतो, परंतु घरातले सगळेच आजारी पडलेले असतात किंवा दारावर पहारा असतो. मधली वाट तुटलेली असते.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी हेच घडले. सोजिरांनी घरे तपासली, माणसे विलगीकरण छावणीत नेली. भीतीपोटी लोक आजारी लपवू लागले. अशा वेळी लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारण्यात पुढाकार घेतला आणि छावणीतल्या लोकांसाठी मोफत स्वयंपाकघर चालविले. सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला स्वतः उचलून मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात नेले आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. टिळक आणि सावित्रीबाई यांचे विचार एकमेकांपासून किती दूर होते, हे सांगायला नको. परंतु प्लेगच्या दारात दोघांनाही उभे राहावे लागले.

नागपुरातही प्लेगने पेठ किंवा जात पाहिली नाही. १९०२ च्या साथीत डॉ. केशव हेडगेवार यांचे आई-वडील एकाच दिवशी गेल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. पोरक्या झालेल्या मुलांचे दुःख कोणत्याही विचारसरणीच्या आधीचे असते, म्हणून ही नोंद आम्ही मुद्दाम करीत आहोत.

१९१८ चा इन्फ्लुएंझा तर या साऱ्यांहून भयंकर होता. देशात सर्वाधिक मृत्यूदर असलेल्या प्रांतांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. त्यातच त्या वर्षी पाऊस अपुरा पडला आणि धान्य महागले. या रोगाचा विशेष असा की तो म्हाताऱ्यांबरोबर वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांनाही नेत होता. म्हणजे घरातला कमावणारा आणि रांधणारी दोघेही एकाच वेळी अंथरुणाला खिळत. पाणी भरायला, चूल पेटवायला कोणी उरत नसे. त्या काळी या तापावर खात्रीचे औषध नव्हते. रोग्याला वेळेवर पाणी आणि पेज मिळाली तर तो वाचण्याची आशा असे. ती देणारा हात शेजाऱ्याचाच असणार. परंतु असे हात किती होते आणि कोणाचे होते, हे सरकारी अहवालांतून समजत नाही. तेथे मृतांचे आकडे आहेत. पेज नेऊन देणाऱ्यांची नावे नाहीत.

२०२० : कोठार उघडले

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सतरंजीपुऱ्यातील एका वृद्धाचा मृत्यू झाला. शहरातला तो पहिला बळी. त्यानंतर सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा या दोन वस्त्यांची नावे रोज वर्तमानपत्रांत येऊ लागली. रस्ते बांबू-बल्ल्या आणि पत्रे लावून बंद करण्यात आले. त्या वेळी तुकाराम मुंढे हे महापालिका आयुक्त होते. शेकडो माणसांना घरातून उचलून आमदार निवास, पाचपावली अशा ठिकाणी विलगीकरणात ठेवण्यात आले. या कडक उपायांविषयी मतभेद होते आणि आहेत. दाट वस्तीत दुसरा उपाय काय होता, हाही प्रश्न आहेच.

कोठार उघडले गेले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो धान्य मोफत देण्याची योजना केंद्राने आणली. राज्याने मे आणि जून महिन्यांसाठी, या कायद्यात न बसणाऱ्या केशरी कार्डधारकांना माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने देऊ केले. २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी मार्चअखेरीस ५ रुपयांवर आणली गेली. सामान्य माणसांनीही हात आखडला नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर यवतमाळ जिल्ह्यातील करंजी येथे बाबा कर्नैलसिंग खैरा या ८१ वर्षांच्या शीख सेवेकऱ्यांनी लंगर चालवून पायी निघालेल्या लाखो मजुरांना जेवू घातले.

मग उपाशी कोण राहिले? ज्यांच्या नावावर कार्डच नव्हते ते. ज्यांचे कार्ड पांढरे होते पण मिळकत बंद झाली होती ते. आणि ज्यांना रांगेत उभे राहता येत नव्हते ते. मोमिनपुरा ही मुळात विणकरांची, मोमिनांची वस्ती. आज येथे शिवणकाम, कशिदा, हातगाडी, हॉटेल, गॅरेज अशी रोजच्या कमाईची कामे चालतात. आठवडाभर काम थांबले की डब्यातले पीठ संपते.

आमची वही

आमची गल्ली मोमिनपुऱ्याच्या कडेला आहे. पलीकडे टिमकी सुरू होते. आम्ही चार-पाच शिक्षक आणि गल्लीतील काही तरुण यांनी पहिल्या आठवड्यातच राशन किट तयार करायला घेतले. कणीक, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, मीठ, तिखट आणि साबण असा तो ऐवज होता. मस्कासाथमधून माल आणला. एका दुकानदाराने त्याच दिवसांत तेलाचा भाव वाढवून घेतला; दुसऱ्याने उधारीची जुनी वही बाजूला ठेवून माल दिला. दोन्ही माणसे आमच्याच ओळखीची.

पहिल्या वाटपात आम्ही मोठी चूक केली. चौकात टेबल मांडले, रांग लावली. देणगीदारांना दाखवायचे म्हणून एकाने मोबाइलवर फोटो काढले. किट संपले आणि आम्ही समाधानाने घरी आलो. दोन दिवसांनी आमच्या शाळेतल्या पाचवीच्या एका मुलीने सहज विचारले, "सर, आपा के घर से रोटी की खुशबू क्यों नहीं आती आजकल?" या आपा घरी मुलांना कुरआन वाचायला शिकवीत. विधवा, एकट्या. मुले यायची बंद झाली तशी त्यांची तुटपुंजी फी बंद झाली. आमच्यापैकी एक शिक्षिका त्यांच्याकडे गेल्या. आपांनी दारातूनच सांगितले, "अल्हमदुलिल्लाह, सब है बेटा." आतली चूल मात्र थंड होती. ज्यांच्याकडून या गल्लीतली निम्मी पोरे अक्षर शिकली, त्या बाई आमच्या टेबलासमोर, आमच्या फोटोत कशा येणार होत्या?

त्या दिवशी फोटो बंद झाले आणि वही सुरू झाली. आम्ही गल्ली गल्लीने घरे वाटून घेतली. यादी चौकात करायची नाही, घरातल्या बायकांना विचारून करायची, असे ठरले. पुरुषांनी केलेल्या पहिल्या यादीत एकट्या बाईचे एकही घर नव्हते, हे लज्जास्पद सत्य तेव्हा ध्यानात आले. बायकांना मात्र कोणाकडे कुकरची शिट्टी वाजत नाही, कोणाच्या घरी साखरेची गोळी संपली आहे, कोणती सून माहेरी अडकली आहे, हे सगळे ठाऊक होते. वहीत नावाऐवजी खूण लिहिली. काही घरी रात्री उशिरा पिशवी दाराशी ठेवली. आणि ज्यांना पिशवी घेणे जड जाईल त्यांच्यासाठी दुकानदाराकडे पैसे आधी भरून त्यांना चिठ्ठी दिली. ती माणसे दुकानात जात आणि इतर गिऱ्हाइकांसारखी आपल्याला हवे ते घेत. कोणाला मधुमेह म्हणून साखरेऐवजी डाळ हवी, कोणाला तान्ह्यासाठी दूध हवे. किट सर्वांना एकसारखे असते. भूक एकसारखी नसते.

२५ एप्रिलला रमजान सुरू झाला. मशिदी बंद, तरावीह घरात. जकात आणि फित्रा यांचा पैसा त्या वर्षी पुष्कळ जणांनी आपल्याच गल्लीत खर्च केला. येथेही आम्हांला स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. 'आपल्या बिरादरीचे आधी', 'आपल्या मसलकचे आधी' असे म्हणणारे आमच्यातही निघाले. सहा घरे सोडून राहणाऱ्या न्हाव्याचे कुटुंब अशाच एका यादीतून गळाले होते. शेजारी ठरविताना पंथ विचारला जात नाही, दारांमधले अंतर मोजले जाते, हे आपलीच माणसे विसरतात.

बल्ल्यांच्या पलीकडे

मार्चअखेर दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजच्या बातम्या आल्या आणि वातावरण एकाएकी बदलले. आमच्या ओळखीच्या एका भाजीवाल्याला दुसऱ्या वस्तीत नाव विचारून परत पाठविण्यात आले. पुढे २१ सप्टेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांवरील गुन्हा रद्द केला. त्याआधी ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठानेही परदेशी जमातींवरील गुन्हे रद्द केले होते. परंतु न्यायालयाचा निकाल येईपर्यंत रोजची भाजी थांबत नाही.

टिमकीच्या बाजूला एक वृद्ध कोष्टी दांपत्य राहते. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ही मिल कधीच बंद पडली. मुलगा पुण्यात अडकलेला. आजोबांना दम्याचा त्रास. आमच्या वहीत त्यांच्या घराची खूण होती, पण त्या दिवसांत आमच्या बाजूच्या पोराच्या हातचे ते घेतील काय, याची आम्हांला धास्ती वाटत होती. पोरगा पिशवी आणि औषध घेऊन गेला. घरी शिजवलेली थोडी खिचडीही डब्यात होती. आजींनी दार उघडले, डबा घेतला आणि म्हणाल्या, "थांब बाबा, रिकामा डबा नेऊ नये." घरात देण्यासारखे काही नव्हते. त्यांनी कुंडीतल्या कढीपत्त्याची चार पाने डब्यात घातली.

ती चार पाने आम्हांला पुष्कळ काही शिकवून गेली. डबा भरून परत आला तेव्हा ते दान राहिले नाही. शेजाऱ्यांची देवघेव झाली. काही दिवसांनी आमच्या गल्लीत रुग्ण सापडला आणि आमचाच रस्ता बंद झाला. आता दारावर पहारा आमच्या होता. पिशव्या वाटणारे आम्ही दुधाला महाग झालो. तेव्हा बल्ल्यांच्या वरून टिमकीतल्या एका मुलाने भाजीची पिशवी दिली. "आजींनी सांगितलंय, रमजान चालू आहे, कोथिंबीर जास्त टाक म्हणून," असे तो म्हणाला. कोण देणारा आणि कोण घेणारा, हे ठरायला तीन आठवडेही लागले नाहीत.

वही कोणाच्या कपाटात?

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम झाली. मोहीम आवश्यकच होती. तथापि ज्यांना कुटुंबच नाही, किंवा ज्यांचे कुटुंब दूर अडकले आहे, त्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या घोषणेच्या बाहेर राहिला. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वखर्चाने प्राणवायूचे टँकर आणले आणि तो खर्च जकात मानला. देशभर त्यांची दखल घेतली गेली, ती योग्यच होती. चिठ्ठी घेऊन दुकानात गेलेल्या आपांची दखल कोणी घेतली नाही, आणि त्यांनाही ती नकोच होती.

परंतु पद्धतीची नोंद राहिली पाहिजे, असे आमचे मत आहे. १९१८ साली आपल्या वस्तीत पेज कोणी पोहोचविली, घरे कशी शोधली, चुका कोठे झाल्या, हे लिहून ठेवले असते तर आम्हांला चौकात टेबल मांडण्याची चूक करावी लागली नसती. मोहल्ल्याच्या मशिदीत, मंदिरात, शाळेत, वाचनालयात अशी एक वही असावी. तिच्यात नावे नकोत. कोणत्या गल्लीत किती एकटी माणसे, किती अंथरुणाला खिळलेली, कोणाला कोणते औषध लागते, आणि त्यांचे दार कोणाला ठाऊक आहे, एवढे असावे. ती बायकांच्या हाती असावी, आणि तिच्यात गल्लीतले प्रत्येक दार असावे, मग त्या दारावर कोणतेही नाव असो. सरकारने कोठार उघडावे, यासाठी मागणी जरूर करावी. तो नागरिकाचा हक्क आहे. पण पोते दारापर्यंत नेणे हा शेजाऱ्याचा आपल्यावरचा हक्क आहे, आणि तो मागायला तो येणार नाही.

आमची २०२० ची वही शाळेच्या कपाटात, हजेरीपटांच्या शेजारी ठेवलेली आहे. आपांच्या घरी मुले पुन्हा येऊ लागली. टिमकीचे आजोबा मात्र दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या घराची खूण वहीत आम्ही खोडलेली नाही. आजी अजून तेथेच राहतात, आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा गेला की तो कधी रिकामा परत येत नाही.